मुतखडा म्हणून सांगितलेला आजार

घरातल्या माणसाला कॅन्सर झाला आणि तुम्ही तो त्याच्यापासून लपवलात, तर ते खोटं रोज कोणाला बोलावं लागतं, याचा कधी विचार केलाय तुम्ही?

माझ्या आईला बोलावं लागायचं. ती नाशिकच्या एका इस्पितळात कॅन्सर वॉर्डची सिस्टर होती. वडील अंबडच्या कारखान्यात, युनियनचे. घरी पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला त्यांवरच शिकले. सत्य लपवणारा तो शत्रू, एवढं मला दहावीतच पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी मखमलाबादकडचे एक आबा वॉर्डात येत. फुलांचा मळा होता त्यांचा; अक्षरओळख नव्हती, वॉर्डाची पाटी वाचता येत नसे. लघवीतून रक्त जायचं, तर घरच्यांनी उन्हाळी समजून कितीतरी महिने धन्याचं पाणी पाजलं. डॉक्टरांपर्यंत आले तेव्हा मूत्रपिंडातला रोग फुप्फुसात पोचला होता. त्यांच्या मुलाने माझ्या आईला दाराशीच गाठलं. "सिस्टर, मुतखडाच सांगा. कॅन्सर म्हटलं की हाय खातील." डॉक्टरांना पटत नव्हतं, पण घरच्यांना डावलून रुग्णाशी बोलायची तेव्हा रीतच नव्हती. नव्याने आलेल्या गोळ्या सुरू झाल्या, खड्याच्या म्हणून.

"सिस्टर, पडंल ना खडा?"

"पडेल आबा. पाणी पीत जा."

मला आबांचा मत्सर वाटायचा. आई घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि तिथे त्यांच्याशी हसायची. त्यांनी आणलेली शेवंती माळायची. माझा बक्षीस मिळालेला निबंध तीन दिवस टेबलावर तसाच होता. आबांच्या तळपायांची मात्र तिला रोज काळजी. गोळ्यांनी ते सोलून निघाले होते.

एका दुपारी मी डबा द्यायला गेले. आई त्यांच्या पायांना मलम लावत होती.

"तुझी आई लय भारी माणूस हाय, पोरी," आबा म्हणाले. "सुनेला म्हणलं पायाला तेल लाव, तर ती म्हणती, सिरियल लागलीय."

आई हसली. असं ती माझ्याशी कधी हसली होती, मला आठवेना. ती हात धुवायला गेली आणि मी म्हणाले, "आबा, तुम्हाला मुतखडा नाही. कॅन्सर आहे."

त्यांनी मलम लावलेला पाय जवळ ओढून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे गोळ्या फेकल्या ते चुकलंच."

खडा दुखत नाही आणि पाय तर टेकवत नाहीत, म्हणून महिनाभर ते बहुतेक गोळ्या पाटाच्या पाण्यात टाकत होते. इकडे स्कॅनमध्ये गाठ वाढलेली बघून डॉक्टरांनी औषध लागू पडत नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बंद होणार होतं.

आबांनी हे डॉक्टरांपुढे कबूल केलं आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पाय सोसतील एवढ्या मात्रेत. आबांनी मुलाला दोन शिव्या हासडल्या, मळ्याची वाटणी स्वतः केली आणि पुढची दिवाळी बघून गेले. तोवर आईशी ते आणखी मोकळेपणी बोलत, आणि मी आणखी जळत असे.

वडिलांनी माझी पाठ थोपटली. आई एवढंच म्हणाली, "खरं बोललीस. पण त्यांच्यासाठी बोललीस का?"

नव्हते बोलले. तिने माझ्याकडे बघावं म्हणून बोलले होते.

तुमच्या घरात असा आजार झाकलेला असेल, तर आज जेवणाआधी त्या माणसाजवळ बसा आणि आजाराचं नाव तुमच्या तोंडाने सांगा.