नवरीच्या मिशीची खरी हकीकत

ही हकीकत मी पाच वर्षं टाळली. घरात कोणी सोनलच्या लग्नाचा अल्बम काढला, की मला गोठ्यातलं काम आठवायचं. (आमच्याकडे गोठा आहे, गुरं नाहीत.) ज्याची माफी मागायची तो माझा थोरला भाऊ आता हयात नाही, आणि तो गेल्यावरच मला लिहायचा धीर आला, यावरून माझ्या शौर्याची कल्पना यावी.

दादा पेंटर होता. आमच्या मुरबाडपासून तिकडे शहापूरपर्यंत कितीतरी लग्नघरांच्या भिंती त्याने रंगवल्या. दाराच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, दोन्हीकडे सोंडेत हार धरलेले हत्ती आणि वर नावं. मी शाळेत कारकून. जन्मभर सुंदर अक्षरात रजिस्टरं लिहिली, पण ओळख एकच : पेंटरचा भाऊ. माझ्या निवृत्तीच्या समारंभात पाहुण्यांनी भाषणाची सुरुवातच "आपल्या पेंटरसाहेबांचे बंधू" अशी केली. हार मात्र माझ्याच गळ्यात घातला, एवढी त्यांची कृपा.

दादाचा एक नियम होता. घरच्या कर्त्याने त्याच्या हातात सुपारी ठेवून "भिंत काढायला ये" म्हटल्याशिवाय तो ब्रश उचलत नसे. घर सख्ख्या भावाचं असलं तरी. माझ्या मुलाच्या लग्नात मी किन्हवलीला त्याच्या घरी जाऊन सुपारी दिली होती. आता नातीचं, सोनलचं लग्न ठरलं होतं. सोनल लहान असताना दादा तिला भिंती रंगवायला बरोबर न्यायचा, खांद्यावर बसवायचा आणि हत्तीचा डोळा तिच्याकडून काढून घ्यायचा. "तुज्या लग्नाचा हत्ती सगल्यात मोठा काढीन गो," असा त्याचा शब्द होता.

लग्नाच्या दोन महिने आधी सोनलने तिचा जुना लॅपटॉप मला दिला. मी सगळ्यांच्या कामात लुडबुड करतो, ती थांबावी हा हेतू. त्यात तिने चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घालून दिलं.

"आबा, हे फुकट आहे. आणि खरे चित्रकार वापरतात."

ही दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात गेली ती उतरलीच नाहीत.

काय नव्हतं त्यात! शंभरावर ब्रश. खडूचा, तेलरंगाचा, पाण्याच्या रंगाचा. पाण्याचा निवडल्यावर मी सवयीने शेजारी तांब्या भरून ठेवला. बायको म्हणाली, "पिणार हाव की त्या मशिनीला आंघोळ घालणार हाव?" तिसऱ्या दिवशी मला आरशाचं बटण सापडलं. ते दाबलं की डाव्या बाजूला काढाल ते उजव्या बाजूला आपोआप उमटतं. मी एक हत्ती काढला, दोन झाले. माझ्या आयुष्यात कोणी माझं अर्धं काम केल्याची ही पहिलीच वेळ.

तेव्हाच मनात आलं, की या वेळी भिंत आपण करायची. भिंतीवर नाही, फ्लेक्सवर. दादाचा हात हल्ली थरथरतो, त्याला कशाला त्रास, असं कोणीतरी म्हणालं होतं. कोणीतरी म्हणजे मीच.

मी सुपारी घेऊन किन्हवलीला गेलोच नाही.

आठवड्याने सोनलने विचारलं, "आबा, मोठे आबा कधी येतायत भिंत काढायला? सुपारी दिलीत ना?"

"दिली ना. पण तो नाय म्हणाला. हात चालत नाय म्हणाला."

ती मग म्हणाली, "मला एक फोन तरी करायचा त्यांनी." आणि आत गेली. तिथेच खोटं मागे घेता आलं असतं. पण माझा नवरदेव अर्धा काढून झाला होता.

नवरदेवाला मी ऐटदार मिशी दिली. आरशाने ती नवरीलाही दिली! नवरीची पुसली तर नवऱ्याचीही गेली. पुन्हा काढली, दोघांना आली. दोन दिवस त्या दोघांची मी आळीपाळीने हजामत केली. शेवटी कळलं, की चित्र वेगवेगळ्या थरांवर काढता येतं आणि थरापुढच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं की तो थर दिसेनासा होतो. मी दोन्ही मिशांचा थर बंद केला, आरसाही बंद केला, आणि नवऱ्याला नवी, एकट्यापुरती मिशी काढली. नवरीवर साडी चढवली, पदर डोक्यावरून घेतला. प्रश्न मिटला.

फ्लेक्सवाल्याकडे फाईल दिली. हळदीच्या सकाळी गुंडाळी आली, दोन माणसांनी ती दारावर ताणून बांधली. बायको हळदीचा वाडगा घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"अवो, नवरीला मिशी हाय."

होती. पदराच्याही वर, ठसठशीत. नवऱ्याला तर दोन होत्या, एकीवर एक. मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"काका, तुमचा एक थर चुकून बंद राहिला होता. मी चालू केला. त्याचं वेगळं काही घेतलं नाही."

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी. फ्लेक्स काढावा, तर मागे कोरी भिंत. बायकोने युक्ती काढली. दोन्ही चेहऱ्यांवर झेंडूचे मोठे हार टाचायचे, नाकाखालून लोंबते. शोभेला शोभा. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं, पाहुण्यांनी हारांचं कौतुकही केलं. मग जेवणावळीच्या गडबडीत शेजारच्यांची शेळी आत आली. तिने नवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नवरीच्याच हाराला खालून लागली आणि शिस्तीत वर खात गेली. वऱ्हाडातली बारकी पोरं गोल करून बसली. नवऱ्यामुलाचे मामा हातात पान घेऊन माझ्याजवळ आले नि म्हणाले, "तुमच्याकडे अशी काही पद्धत आहे का?"

मी म्हणालो, "आहे."

त्या हशात दादा मांडवात उभा होता, हे मी पाहिलं. पाहुणा म्हणून आला होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. सोनल त्याच्या पाया पडायला गेली, पण तोंड फिरवूनच वाकली. उठताना तिला राहवलं नाही.

"मोठे आबा, तुमी नाय म्हणालात. आबा सुपारी घेऊन आले तरी नाय म्हणालात."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी शेळीकडे पाहिलं. त्याच्या अंगठ्याच्या नखात निळा रंग भरलेला होता, तो मला दिसला तरी मी दिसला नाही असं केलं. मग दादा तिला म्हणाला, "व्हय गो. हात नाय चालत आता."

तिने त्याच्यासाठी आणलेलं पानसुद्धा तसंच परत नेलं. पुढे ती त्याच्याशी धड कधी बोलली नाही. तो माझ्याशी बोलला. फ्लेक्ससमोर जरा वेळ उभा राहून म्हणाला, "हत्ती बरं काढलंस."

मिशीबद्दल लोक अजून हसतात. त्या हसण्याचा मला आधार वाटतो, कारण हसताना कोणी पुढचं विचारत नाही.

महिनाभराने मी किन्हवलीच्या एसटीत बसलो. वाक्य पाठ केलं होतं : दादा, सुपारी मी आणलीच नव्हती, आणि सोनलला मी खोटं सांगितलं. सबंध रस्ताभर ते पुटपुटत होतो. शेजारचा गृहस्थ मला आजारी समजून उठून मागे गेला. दादाच्या घरी पोचलो, तर तो परसात वाल निवडत बसला होता. त्याच्या मागे जळणाच्या खोपीची भिंत. तिच्यावर हत्ती होते. एकाशेजारी एक, नऊ-दहा. पहिल्या दोघांच्या सोंडा थरथरलेल्या, पुढच्याची जरा बरी, आणि शेवटचा हत्ती खोपीएवढा, एका रेषेत, कुठे काही हललेलं नाही. वहिनी पाणी देताना म्हणाल्या, "लग्न ठरल्यापासून रोज काढत व्हते. तुमची वाट बघत व्हते."

दादाने त्यांना आत पाठवलं. माझ्याकडे सूप सरकवलं. मीही निवडायला लागलो.

"बोल," तो म्हणाला. "काय बोलाय आलास?"

त्याला माहीत होतं. तो वाट बघत होता, नीट, घाई न करता. मी एक दाणा उचलला, उजेडात धरला, फिरवून पाहिला.

"दादा," मी म्हणालो, "वाल यंदा बरे झालेत."