आतड्यातला चेहरा

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आयुष्यभर टेमघरला कापडाचे लूम चालवले. ते बंद पडले, तसा कशेळीच्या एका गोदामातल्या लॅबमध्ये ऑपरेटर म्हणून लागलो. तिथे काय बनतं? पोट! सिलिकॉनचं हो. गिळायची कॅमेऱ्याची गोळी असते ना, ती आधी या नकली आतड्यातून फिरवून बघतात; तिला दिसतं ते शेजारच्या पडद्यावर उमटतं. आतडं पारदर्शक, अंगाइतकं कोमट, पंपाने आकसतं नि फुगतं. आत अंधार राहावा म्हणून वर काळं कापड. आणि आवाज! आधी गुडगुड, मग उसासा. रिकाम्या खोलीत एकट्याने ऐकून बघा एकदा!

त्या दिवशी लॅबच्या मॅडम ठाण्याला निघाल्या. म्हणाल्या, "तीन दिवसांची चाचणी आज संध्याकाळी संपतेय. मध्येच थांबली तर सगळं पहिल्यापासून. नीट पार पडली की तुम्ही नोकरीत कायम."

कायम! मी स्टुलावरून हललो नाही.

दुपारी आतडं कण्हलं. अगदी माणसासारखं! मी कापड उचललं. आत गोळीचा दिवा लुकलुकत होता, तिथेच डोळा लावला. काही नाही. कापड टाकून पडद्याकडे वळलो.

पडद्यावर, आतड्याच्या आत, एक चेहरा! नाक भोपळ्याएवढं, डोळे माझ्यावरच रोखलेले. बघता बघता गेला.

मी बाहेर धावलो. गोदामाचे मालक म्हादूकाका तिथे बसले होते, त्यांना ओढतच आणलं.

"काका, आतड्यात कोणीतरी आहे!"

"येडा झालास काय? रबराचा हाय तो. कोन बसंल त्यात?"

"बघा तरी!"

दोघांनी कापड उचललं, डोक्याला डोकं लावून वाकलो. काही नाही. कापड टाकलं, वळलो.

आता पडद्यावर दोघं होते!

"काका, त्याने दुसऱ्याला बोलावून आणलं!"

"त्या दुसऱ्याला मिशा हायेत रं! बाबौ, कसला भयान!" काकांनी घाबरून स्वतःच्या मिशांवरून हात फिरवला, तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

लूमवरची सवय काय? धागा तुटला की आधी मशीन बंद, मग विचार. हात आपसूक बटणावर गेला. गुडगुड थांबली. ती शांतता तर आवाजाहून वाईट होती. काका कधी पळाले, तेही कळलं नाही.

संध्याकाळी मॅडमनी रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं.

"गोळीचं चित्र पडद्यावर पाच सेकंद उशिरा येतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही आत पाहिलंत, तेव्हा तिने तुम्हाला पाहिलं."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. चाचणी पहिल्यापासून, कायम होणं लांबलं, वर ती का थांबली ते रजिस्टरमध्ये मलाच लिहायला लावलं. मी खरं तेच लिहिलं: 'आतड्यात भयानक चेहरा दिसला.'

मॅडमनी ते खोडलं नाही. शेजारी पडद्यावरचा फोटो तेवढा चिकटवला.

पुढच्या आठवड्यात तपासणीला एक साहेब आले. त्यांनी ओळ वाचली, फोटो पाहिला, मान वर करून मला नीट पाहिलं आणि खाली शेरा मारला: 'कारण योग्य.'