चोक ओढणारा म्हातारा

वाडीतल्या आमच्या गल्लीतून तो म्हातारा रोज सकाळी मफलर गुंडाळून फिरायला जायचा. दारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीकडे क्षणभर थांबून बघायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. भिवापूरची मावशी गेल्याचा फोन आला होता. आईला तिचं शेवटचं तोंड पाहायचं होतं, आणि आमची जुनी कार काही केल्या सुरू होत नव्हती. म्हातारा खिडकीशी आला.

"सरक गा. सायबायच्या गाड्या चालवूनच म्हातारा झालो मी."

त्याने थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा चोक पूर्ण ओढला, ॲक्सिलरेटर दाबत चावी फिरवत राहिला. पेट्रोलचा उग्र वास सुटला आणि शेवटी बॅटरीही बसली. मग तो उतरला आणि आईकडे न बघता निघून गेला. दुसऱ्या गाडीने आम्ही पोचलो, तेव्हा सरण पेटलं होतं.

त्यानंतर तो समोरच्या कडेने, मान खाली घालून जायचा. ते पाहून मलाच लाज वाटायची. कार्बोरेटरमधली चोकची झडपच अडकली होती, कोणाकडूनही गाडी सुरू झाली नसती, असं मेकॅनिक म्हणाला. एकदा रस्ता ओलांडून मी त्याला ते सांगितलं.

"तरी बी वास आल्याबरोबर मले थांबाले पायजे होतं," तो म्हणाला. "मायले बहिणीचं तोंड दिसलं का?"

माझ्या मागोमाग आलेली आईच म्हणाली, "दिसलं ना, भाऊ. झोपल्यासारखी दिसत होती. या, चहा घ्या."