एका चांदणीची रिकामी जागा

अर्जदार: बाबल मेस्त्री, सुतार, मूळ गाव कुडाळच्या पलीकडे, येथे सर्वत्र ‘चांदणी मेस्त्री’ या नावाने परिचित. मुक्काम: गुदैबिया, बहरीन. घटनेचा काळ: गेल्या रमजाननंतरचा. साक्षीदार: प्रस्तुत अर्जलेखक (ज्यास येथे सारे ‘मास्तर’ म्हणतात), तसेच खाणावळवाल्या शेवंताकाकी. तक्रार: काम अपुरे ठरवून कंत्राटदाराने पासपोर्ट अडकवून ठेवला आहे.

मेस्त्री कोणत्याही खोलीत शिरले की आधी छत पाहत, माणसे नंतर. काकी म्हणत, “मेस्त्रीनू, जेवाण खाली वाढलंय!” त्यावर ते हसत, पण मान खाली येण्यास वेळच लागे.

अमवाज बेटावरील एका व्हिलाच्या मालकांनी मोरोक्कोत तेथील राजांची समाधी पाहिली आणि आपली बैठक हुबेहूब तशीच व्हावी, असा हुकूम सोडला. खाली रंगीत फरशीच्या चांदण्या, त्यावर जाळीसारखा कोरलेला पांढरा गिलावा, माथ्यावर सोनेरी नक्षीचे देवदारी छत. छताचे काम मेस्त्रींकडे आले. त्यांनी फोटो पाहिला आणि मधोमध पांढऱ्या दगडावर बोट ठेवले. “साहेब, ये तो कबर है.” इंजिनिअर उत्तरला, “मेस्त्री, डिझाइन देखो, कबर मत देखो. यल्ला, जल्दी करो!”

मेस्त्रींनी छत केले. मात्र अगदी मधली एक लाकडी चांदणी बसवली नाही. त्यांच्या घराण्याची रीतच तशी. “मास्तरांनू, पुरा छत मेलेल्याच्या डोक्यार. जित्या माणसाक भायर पडूक एक वाट होयी. थय मालकाची पोरा खेळतली.”

कंत्राटदार म्हणाला, चांदणी नाही तर काम खलास नाही. काम खलास नाही तर पासपोर्ट नाही. दुसऱ्यांसाठी वाट ठेवणारा मनुष्य स्वतः कोंडला गेला.

गावी आई अंथरुणाला खिळलेली. फोनवर तिचा एकच प्रश्न: “आपला घर तू दोन दिसांत शाकारलंस. ह्यां कसला रे छप्पर, सरणाच नाय?” मेस्त्री म्हणत, “होतला गे आये.” अलीकडे ती प्रश्न विचारीत नाही, फोन कानाशी धरला की नुसता श्वास ऐकू येतो.

मी स्वतः त्यांना समजावले, “बसवा आणि सुटा. कोण पाहतो?” ते म्हणाले, “वर बघणारो मी असंय मां.” मग त्यांनी खिशातून ती चांदणी काढून माझ्या टेबलावर ठेवली. “मालकान आपल्या हातान बसयली तर माझो दोष नाय.” त्यानंतर कंत्राटदाराने त्यांना साइटवरच्या खोलीत हलविले. शुक्रवारी खाणावळीतले त्यांचे ताट काकी अजून पालथे घालून ठेवतात.

सबब मालकांना नम्र विनंती. सदर चांदणी या अर्जासोबत जोडली आहे. आपण ती स्वहस्ते बसवावी, अथवा तिच्या रिकाम्या जागेखाली क्षणभर उभे राहून वर पाहावे. दोन्ही परिस्थितींत काम पूर्ण समजून माणूस सोडावा. उत्तर त्वरित मिळावे. मेस्त्रींची वाट पाहणाऱ्या माऊलीचा श्वास अजून चालू आहे.