कडबा आमचा, कणसं मठाची

वरवट बकालकडच्या आमच्या मठात दुपारी येईल त्याला जेवण असायचं. त्या मठाच्या कोठीची किल्ली चाळिशीत माझ्या कमरेला आली आणि माझी मान इतकी ताठ झाली, की पायाखालचं दिसेना.

गावात तेव्हा नुकतीच बीटी कपाशी आली होती. पूर्वी सुगीत घरटी पायलीभर ज्वारी मठात यायची. आता जिकडेतिकडे कापूस. ज्वारी पेरतो कोण? लोक कापसाचीच गाठोडी आणू लागले. मी म्हटलं, आणा. कोठी आढ्यापर्यंत भरली आणि भाव वाढेल म्हणून मी त्या ढिगावर राणीसारखी बसले. भाव उतरला. कापसानं अंगाला खाज सुटली ती वेगळीच. कोठीची मालकीण दिवसभर खाजवतेय आणि ज्वारीच्या कणगीचा तळ दिसतोय, असा थाट.

मग मी हुशारी केली. पंगतीत माणशी एकच भाकर.

पंगतीला बसलेल्या मठाच्या महाराजांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. "बाई, मठ चालवून राह्यली का उपास?"

"कोठीत दाणा नाही, महाराज. पंगत बंद करा."

"कापूस रांधून पाह्यला का?"

अख्खी पंगत हसली. महाराजांनी कापूस खामगावला विकायला धाडला. त्यात दिवाळीपर्यंतची ज्वारी आली. त्यापुढं पंगत टिकवायची कशी, ते मात्र माझ्या गळ्यात टाकलं.

पेरणीआधी मी गावातल्या बायका जमवल्या आणि दानाच्या पुण्यावर लांबलचक भाषण ठोकलं. मशिदीमागच्या शेतकरी घरातली एक वयस्कर बाई होती, सारे तिला चाची म्हणत. ती मधेच बोलली, "पुन्य राहू दे व बाई. ज्वारी गेली तसा कडबा गेला. बैलाले काय कापसाच्या पऱ्हाट्या चारू?"

बायकांत एकदम कालवा झाला. प्रत्येकीच्या गोठ्यात तीच रड.

"मंग धुऱ्याले, बांधाच्या कडेकडेनं, चार ओळी ज्वारी पेरू," चाची म्हणाली. "कडबा आमचा, कणसं मठाची."

सगळ्या हो म्हणाल्या. माझ्या भाषणाचं नावही कुणी काढलं नाही.

दिवाळीच्या सुमारास टोपल्या भरभरून कणसं आली. मला राहवतंय कुठं? मी चाचीला म्हटलं, "मठाच्या गाईसाठी थोडा कडबाही..."

"कणसं घे अन् गुमान बस."

बसले. मळणी झाली, पहिल्या मापाला रिवाजाप्रमाणे 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत ज्वारी कणगीत ओतली, आणि त्या दुपारी मठात दोन पंगती उठल्या.