खणाखालचा डबा

वन्सं न्हाणीघरात पहिल्यांदा पडल्या तेव्हा गुडघा सोलवटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. आम्ही दोघींनी हळद लावली आणि कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. पण शेजारणीनं माझ्या मुलाला हैदराबादला फोन करून सांगितलंच. त्या आठवड्यात तो येऊन दारात उभा राहिला.

वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण, पण वयानं माझ्याहून मोठी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला म्हणून माहेरी परत आल्या त्या कायमच्या. माझा मुलगा त्यांच्याच मांडीवर वाढला. हे गेल्यापासून या हिंदी मुलखातल्या गावात, ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत, या चार खोल्यांत आम्ही दोघीच राहतो. बोलायचं काम त्या करतात, ऐकायचं मी. मला लहानपणापासून परक्या माणसापुढे शब्द सुचत नाहीत. चौथीत असताना मास्तरांनी उभं केलं की उत्तर येत असूनही मी पायाकडे बघत राहायची. लिहिताना मात्र तसं होत नाही, म्हणून कधीतरी लिहिते. कुणाला दाखवत नाही.

मुलानं आत्याला समोर बसवलं आणि म्हणाला की घरात एक यंत्र बसवतो, दिवाळीपर्यंत बघू. तोवर सगळं नीट राहिलं तर राहा इथंच. परत काही झालं तर दोघींनी हैदराबादला यायचं, मग वाद नको.

हैदराबादचं घर आम्ही पाहिलेलं होतं. लिफ्टनं वर जावं लागतं. वन्सं तिथं एक महिना राहून आल्या होत्या आणि परत आल्यावर गल्लीच्या तोंडाशीच रिक्षातून उतरून घरापर्यंत चालत आल्या होत्या. मला तर तिथं भाजीवाल्याशी बोलायला सूनबाई लागायची. इथं मानिक चौकात मी नुसती टोपलीपुढे उभी राहिले तरी पुरतं. तेव्हा दिवाळीपर्यंत नीट राहायचं, एवढंच आम्हा दोघींच्या डोक्यात होतं.

यंत्र बसवायला ग्वाल्हेरहून एकजण आला. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. प्रत्येक खोलीत छताजवळ त्यानं एक पांढरं डोळ्यासारखं काही चिकटवलं. माजघरात कोनाड्यात डबा ठेवला, त्याला समोर बारीक भोकं आणि एक लाल कळ. वन्संच्या गळ्यात घालायला दोरीत ओवलेलं बटण दिलं. पडलात तर दाबा, डब्यातून बाई बोलेल, मदत पाठवेल, असं त्यानं समजावलं.

वन्संनी विचारलं, “भैया, ये ऊपरवाला रात को भी देखता है?”

“माताजी, देखता नहीं. बस कोई हिले-डुले तो पकड़ लेता है.”

वन्सं माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “म्हणजे बघतोच.”

डब्याला भोकं कशाला, हेही त्यांनी विचारलं. बोलण्यासाठी, तो म्हणाला. मग ऐकतोही का? बटण दाबल्यावरच ऐकतो, असं तो म्हणाला खरा, पण पिशवी आवरता आवरता, आमच्याकडे न बघता. मला ते पटलं नाही. वन्संना तर मुळीच नाही.

तो गेल्यावर त्यांनी कपाटातून एक नवा हिरवा खण काढला आणि डब्यावर पांघरला. “पाहुणी आलीय,” म्हणाल्या, “आधी ओटी भरू.” त्या दिवसापासून आम्ही माजघरात हळू बोलायला लागलो. सूनबाईंविषयी काही बोलायचं असलं तर मागच्या अंगणात जायचो. घरात कुणी आजारी निजलं असावं तसं वाटायचं.

पुढं एकादशी आली. त्या दिवशी आम्ही दोघी काही शिजवत नाही. आदल्या दिवशीचे शेंगदाणे, केळी देवघरापाशी ठेवतो आणि तिथंच खातो. दुपारी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून त्यानं विचारलं, “आई, आज स्वयंपाकघरात कुणीच गेलं नाही का?”

मी फोन हातात धरून वन्संकडे पाहिलं. त्यांनी वर छताकडे पाहिलं. मुलाला एकादशी आहे एवढंच सांगितलं. मग सूनबाईंनी एकदा विचारलं की आत्या रात्री उठतात का हो वरचेवर. काळजीनंच विचारलं असेल. आम्हाला मात्र असं झालं की हैदराबादला बसून कुणीतरी आमची एकेक चूक जमा करतंय आणि दिवाळीला ती पुढ्यात मांडणार. वन्सं चक्कर आली तरी भिंतीला धरून उभ्या राहायच्या, बसायच्या नाहीत. बसलं की तो डोळा सांगेल म्हणायच्या.

खरी अडचण सोवळ्याची होती. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक अजून सोवळ्यात होतो आणि तो वन्संच करतात. अंघोळ करून, वळणीवर वाळलेलं लुगडं नेसून त्या आत गेल्या की नैवेद्य दाखवून होईपर्यंत त्यांना शिवायचं नाही. कुणाकुणाच्या हातातून आलेलं ते बटण गळ्यात घालून चुलीपाशी जायला त्या तयार होईनात. बाहेर खुंटीला टांगून आत जायच्या. आणि मला भीती तीच, कारण भिजलेले पाय, गुळगुळीत फरशी आणि हातात तापलेलं पातेलं, सगळं तिथंच.

लोकर ओवळी होत नाही, हे त्यांच्याकडूनच मी शिकले होते. म्हणून सासूबाईंच्या जुन्या धाबळीचा एक तुकडा काढला. धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं वस्त्र. त्याची बटणाएवढी पिशवी शिवली, वर लोकरीचीच दोरी केली, आणि त्यांच्यापुढे ठेवली. वाटलं होतं की तासभर वाद होईल. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “बरी केलीस. घालीन.”

वन्सं इतक्या लवकर ऐकतात, यातच मला काहीतरी वेगळं वाटलं. पण रोज आत जाताना पिशवी त्यांच्या गळ्यात दिसायची. स्वयंपाक झाल्यावर ती वळणीवर लुगड्याशेजारी टांगलेली असायची, ओली. पिशवी धुतात, चांगलं आहे, असं मी समजले.

थोड्या दिवसांनी डबा मधूनमधून टुंक असा आवाज करायला लागला. आम्ही बोलत असलो की करायचा, निदान आम्हाला तसं वाटायचं. वन्सं म्हणाल्या की आपण हळू बोलतो म्हणून त्याला ऐकू येत नाही, त्याची कुरकूर चाललीय. त्यांनी खणाची दुहेरी घडी करून वर पाट ठेवला. मग एका बाईचा फोन आला. हिंदीत गोड बोलत होती, माताजींचं बटण ठीक आहे का, जरा दाबून बघता का, म्हणत होती. अनोळखी माणसानं काही दाबायला सांगितलं तर दाबायचं नाही, फोन बंद करायचा, हे माझ्या मुलानंच आम्हाला शंभरदा बजावलेलं. वन्संनी तिला तिचं गाव, सासर, साहेबाचं नाव विचारलं आणि ती अडखळताच फोन ठेवला. “चोरटी,” म्हणाल्या. मलाही तेच वाटलं.

नवरात्रातल्या अष्टमीला पुरणाचा नैवेद्य असतो. तो लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तळ्याकाठच्या महालक्ष्मीला नेऊन दाखवायची आमच्या घरची रीत आहे. सकाळी वन्सं आत होत्या आणि मी माजघरात केळीचं पान पुसत होते. आधी परात वाजली, मग काहीच नाही.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत धावले. वन्सं कुशीवर पडल्या होत्या, उजवा हात अंगाखाली. डाव्या हातात ती लोकरीची पिशवी होती आणि त्या बटण दाबत होत्या. परत परत दाबत होत्या. ज्या बटणाला त्यांनी चुगलखोराशिवाय दुसरं नाव दिलं नव्हतं, ते. तेव्हा मला कळलं की किती लागलं असेल. माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी पिशवी सोडून दिली.

“काही झालं नाही. शिवू नकोस, नैवेद्य व्हायचाय.”

मी शिवले. मान हातावर घेतली, अंगाखालचा हात हलवायला गेले तर त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. मनगट वाकडंच झालं होतं. माजघरातल्या डब्यातून काही आवाज येतो का म्हणून मी कान दिला. आला नाही.

मी उठायला लागले तशी त्यांनी माझा पदर धरला. “वहिनी, त्याला सांगू नकोस. शेजारणीला हाक मार, हाडवैद्याकडे जाऊ. दिवाळीला किती दिवस राहिलेत?”

शेजारीण त्या वेळी देवळात गेलेली असते, हे दोघींनाही माहीत होतं. मी माजघरात आले. पाट काढला, खण काढला. लाल कळीवर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिले. दाबलं की आम्ही या घरातून गेलो, हे मला स्पष्ट दिसत होतं. आतून वन्संनी एकदा नुसतं “वहिनी” म्हटलं. तो हुकूम होता की विनवणी, मला समजलं नाही. मी दाबलं.

बाई बोलली. तोच आवाज, फोनवरचा. चोरटी नव्हती ती. तिनं विचारलं की माताजी, आप ठीक हैं? नेहमीसारखेच शब्द सुचेनात. मग मी डब्याकडे बघायचं सोडून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बोलले. पडल्यात, हाताचं हाड मोडलंय, डोक्याला लागलेलं दिसत नाही, शुद्धीवर आहेत, गल्लीत मोठी गाडी येत नाही, गेटपाशी थांबवा. सगळं एका दमात. घरी आधी मी सांगेन, तुम्ही कळवू नका, असंही म्हणाले. ती म्हणाली की माताजी, तो संदेश आपोआप गेला. म्हणजे आमचा संशय अगदीच खोटा नव्हता.

हाताला प्लास्टर घालून वन्संना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी मुलगा आला. त्यानं पिशवी उसवून बटण बाहेर काढलं तर काचेखाली पाणी दिसत होतं. वन्सं रोज आत जायच्या आधी ती पिशवी बटणासकट बादलीत बुडवायच्या.

“सोवळ्यात घ्यायची वस्तू धुऊन नको घ्यायला?” त्या म्हणाल्या. “लोकर वरून झाली. आतलं काय लोकरीचं आहे?”

मुलगा हसलाही नाही, रागावलाही नाही. बटण बंद पडलंय म्हणून डबा टुंक करत होता, त्या बाईनं त्यासाठीच फोन केला होता, हे त्यानं शांतपणे सांगितलं. मग म्हणाला, तिकिटं काढतो.

वन्संनी मला विचारलं की देवांतले कुठले बरोबर न्यायचे आणि कुठले शेजारणीकडे ठेवायचे. ते मला प्लास्टरपेक्षा वाईट वाटलं.

मी मुलाला म्हटलं, “तू तिथं काय बघतोस ते मला दाखव.”

त्यानं मोबाइल पुढे केला. आमच्या घराचे चार चौकोन होते. माणूस हललं की चौकोन हिरवा होतो, एवढंच. आवाज नाही, चित्र नाही. आम्ही अंगणात जाऊन बोलायचो त्या वेळी माजघराचा चौकोन नुसता पांढरा दिसत असणार.

“हे अजून कोण बघतं?”

“कंपनीवाले.”

“म्हणजे कोण?”

शिकलेला आहे, तरी एवढंच म्हणाला की ते कागदात लिहिलेलं असतं.

मग मी त्याला म्हटलं ते जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं, कारण त्याच्याशीसुद्धा मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. “दिवाळीची अट मला माहीत होती. वन्संनी पदर धरला होता. तरी मी कळ दाबली की नाही? तुला डब्यावर विसंबायचं तर विसंब, पण कळ दाबणारं माणूस इथं आहे. आता चुलीपाशी मी जाईन. वन्सं बाहेर खुर्चीत बसून सांगतील. सकाळी मदतीला बाई ठेव. इतकं करून आम्ही इथं राहतो.”

“आणि परत पडली तर?”

“तर परत दाबीन.”

तो आत्याकडे बघत राहिला. वन्सं म्हणाल्या, “हिच्या हातचं पुरण सैल होतं. पण चालवून घेईन.” त्यावर त्याला हसू फुटलं, आणि मला कळलं की तिकिटं आता निघत नाहीत.

माझं एक मागणं राहिलं होतं. डोळे असू देत, पण माजघरात आम्ही बसतो, बोलतो; तिथं तो डबा नको. स्वयंपाकघरात ठेव. पडायची जागा तीच आहे आणि नैवेद्य होईपर्यंत तिथं स्वयंपाकाखेरीज कुणी काही बोलत नाही. तो म्हणाला की आई, तो ऐकत नाही गं. मी म्हटलं, नसेल, पण तिथंच ठेव.

त्यानं स्टुलावर चढून वायर आत नेली. डबा गेला तशी वन्संनी इतक्या दिवसांचं साठवलेलं बोलणं काढलं, आणि सुरुवात सूनबाईंच्या पुऱ्यांपासून केली. मुलगा बाहेर हात धूत होता. मी उठून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.