मुंबई-पुणे, आभाळातून पाऊण तास

बाटलीला बूच मारता मारता आमचे कंपाउंडर एक बोट छताकडे करायचे आणि म्हणायचे, "विमानानं पाऊण तास!" दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात औषधाला गेलेल्या प्रत्येकानं हे ऐकलेलं आहे.

जुहूहून पुण्याकडे निघालेली विमानं तेव्हा घाटावरून घरघरत जायची. कंपाउंडर जन्मात विमानात बसले नव्हते, पण तोरा असा की जणू यांच्याच गोठ्यातलं आहे. "रेल्वे वळणं घेत, धापा टाकत येते. आभाळात कसला घाट नि कसला बोगदा? तिथं अंतरच कमी!" वलवणहून एखादी म्हातारी काठी टेकत उशिरा आली की म्हणायचे, "मावशी, तेवढ्यात विमान पुण्याला पोचून चहा प्यालं!" मी शाळामास्तर, संध्याकाळी त्यांच्या बाकावर टेकायचो. त्यांची जीभ तिखट, पण औषधाच्या पुड्या बांधाव्यात तर त्यांनीच, म्हणून लोक हसून सोडून द्यायचे.

एकदा भर पावसाळ्यात कुरवंड्याचा एक म्हातारा शेतकरी आला. बायको घरी पोटदुखीनं तळमळत होती. डॉक्टर आदल्या दिवशीच तिला तपासून आले होते. ते म्हणाले, "आजच्या आज झोळीत घालून स्टेशनावर आणा आणि पुण्याला न्या. पोट उघडावं लागेल."

"झोळीत लय हाल व्हतील तिचं," तो कंपाउंडरांपाशी येऊन पुटपुटला.

"मग विमानानं न्या की, आबा! तुमच्या डोक्यावरूनच जातं. माळावर धोतर पसरा, उतरेल खाली."

बाकावरचे हसले. तो हसला नाही. "नवं धोतर लागंल?"

"कोरं असलं तर लांबून दिसेल," म्हणत कंपाउंडर दुसऱ्याच्या बाटलीकडे वळले.

चार दिवसांनी तो औषधाची बाटली धुऊन परत द्यायला आला.

"बायकू सपली," तो म्हणाला. "लेकीच्या लग्नातलं कोरं धोतर पसरलं, कोपऱ्यांवर धोंडं ठिवलं. तिला खाटंवर तितंच नेलं. दोन दिस बसलो. वरनं आवाज आला, पन आभाळ गच्च भरल्यालं. त्यास्नी धोतर दिसलं नसंल, व्हय ना सायेब?"

कंपाउंडरांनी हातातलं बूच खाली ठेवलं. मला वाटलं, आता खरं सांगतील.

"हो. ढगच असणार, आबा."

"तरी तुमी वाट दावली," म्हणत त्यानं दोन काकड्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्या पाया पडून गेला. कंपाउंडरांचा इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि इतकी कीवही.

पुढे विमानाचा आवाज आला की ते मोरीवर जाऊन धुतलेल्याच बाटल्या पुन्हा विसळत बसायचे. दिवाळीच्या आधी नोकरी सोडून गेले. कुठे, ते कुणालाच सांगितलं नाही.

मग मीच कुरवंड्याला गेलो. म्हटलं, निदान गावाला तरी खरं कळू दे. तो पारावर चार माणसांत बसला होता.

"आबा, विमान असं माळावर उतरत नसतं. ती थट्टा होती."

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मास्तर, आजारी मानसाची थट्टा कंपोंडरसायब करतील व्हय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. "आन आता चिंता न्हाई. समद्या गावानं मिळून माळावरचं धोंडं येचून काढल्यात. फुडच्या आजाऱ्याला इमान उतराया अडचन नगं."